पहिल्या मुलाखतीला निघण्याआधी

बाबू, येत्या रविवारी त्या अभ्यासक बाईंशी बोलायला चाललास, तर त्यांचं एक तरी पुस्तक पूर्ण वाचून जा. मलपृष्ठावरून प्रश्न काढलेले त्यांना दोन मिनिटांत कळतात.

‘निसर्गाबद्दल काय वाटतं?’ असलं काही विचारू नको बाप्पा. त्यावर भाषणच मिळतं. गडचिरोलीच्या जंगलावर त्यांनी लिहिलंय ना, मग बांबूपासून सुरू कर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, धरला. मेंढा-लेखा या तिथल्याच गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबू जंगलाबाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. ‘मधल्या काळात अडलं कुठं?’ एवढंच विचार. समाज, राजकारण, जंगल, सगळं त्या एका प्रश्नातून आपोआप निघतं.

आणि मग गप्प बस. माणूस थांबला की आपल्याला कसंनुसं होतं, आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. पहिल्या वर्षी मी हेच करायचो. एक म्हातारे लेखक चष्मा पुसत थांबले होते, मी मध्येच बोललो, आणि ते जे सांगणार होते ते राहूनच गेलं. अजून खटकतं.

फोन विमान मोडवर टाक. उन्हाळा आहे, कूलरजवळ बसू नको. नंतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघरच ऐकू येते. त्यापेक्षा सकाळीच जा, ओसरीवर बस. चहाला नाही म्हणू नको, खरं बोलणं बहुतेक वेळा तेव्हाच सुरू होतं. चहावर बोललेलं मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही.