जास्तीचे हप्ते भरून गृहकर्ज लवकर फेडायचंय, पण घरात सतत चिडचिड होते. समतोल कसा साधावा?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, "बायको म्हणते, मग जगायचं कधी?" ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. आमच्या घरात हे वाक्य मला ऐकावं लागायचं. वही माझी, हट्ट माझा, आणि चिडचिड सगळ्यांची.

आमचं कर्ज २० वर्षांचं होतं, ८.५ टक्क्यांचं, दर बदलता. दुसरं वर्ष संपता संपता दर एका टक्क्याने वाढला. हप्ता तेवढाच राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. वार्षिक विवरण आलं तेव्हा मुदतीचा रकाना बघितला, तर ती जवळजवळ चार वर्षांनी लांबली होती. म्हणजे दोन वर्षं इमानदारीने हप्ते भरून आम्ही सुरुवातीच्याही मागे गेलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या वडिलांनी उभं आयुष्य कुणाचे ना कुणाचे पैसे फेडण्यात घालवलं, त्यामुळे 'बाकी' या शब्दाची मला तशीही धास्ती आहे.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. कर्जाचा हिशोब एकदा नीट कळला की माणूस वेडा होतो, हे मी स्वतःवरून सांगते. अशा कर्जात पहिल्याच महिन्यात एक हप्ता जास्तीचा भरला, तर शेवटचे पाचेक हप्ते उडतात. तोच हप्ता पंधरावं वर्ष संपल्यावर भरला तर जेमतेम दीड उडतो. हे समजल्यावर मला घरातली प्रत्येक वस्तू पाचपट महाग दिसायला लागली. नवे पडदे? पाच पडदे. मुलाचे बूट? पाच जोड.

तिसऱ्या वर्षी माझा बोनस आला. त्यात आमची एकुलती एक मुदत ठेव मोडून घातली आणि सगळी रक्कम एका फटक्यात मुद्दलात जमा केली. नवऱ्याला सांगितलं, विचारलं नाही. (तो म्हणतो, सांगितलंही नाही. सांगितलं होतं.) पुढच्याच आठवड्यात वॉशिंग मशीनची मोटर जळाली. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "यावर खर्च करू नका ताई, नवीन घ्या." खात्यात पुढचा हप्ता आणि महिन्याचा किराणा, एवढंच उरलेलं.

मी बँकेत फोन केला. हसू नका, पण मी खरंच विचारलं, की गेल्या आठवड्यात भरलेल्यातले थोडे परत मिळतील का. पलीकडच्या बाईंनी सभ्यपणे नाही म्हटलं. मग विचारलं, एवढे आगाऊ भरलेत तर पुढचा एक हप्ता नाही भरला तर चालेल का? तेही नाही. जास्तीचं मुद्दल भरलं म्हणून ठरलेला हप्ता टळत नाही. त्याची तारीख तीच आणि चुकला तर दंडही तोच. एवढी साधी गोष्ट इतके हिशोब करणाऱ्या मला फोनवर कळली.

इथपर्यंत नशीब म्हणू. पुढचं मात्र माझं कर्तृत्व. पुढच्या महिन्यात मशीन सहज घेता आलं असतं. मी ते पैसेही कर्जात टाकले. म्हटलं, हाताने धुवू, आपल्या आयांनी धुतलेच की. आपल्या आयांना धुवायचे होते म्हणून नाही, मशीन नव्हतं म्हणून धुवावे लागले, हे तेव्हा सुचलं नाही.

धुणार कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं. एका रात्री अकराच्या पुढे मी वहीतून डोकं वर काढलं तर बाथरूममधून आवाज येत होता. बघते तर नवरा बादलीसमोर उकिडवा बसून चादर पिळतोय. मुलगा तापाने फणफणलेला, दिवसात तिसऱ्यांदा चादर बदललेली. मी विचारलं, "एवढ्या रात्री काय करतोयस?"

मान वर न करता तो म्हणाला, "व्याज वाचवतोय."

भांडला असता तर बरं झालं असतं, मी पण भांडले असते. पण ते वाक्य घरात रुजलं. लिफ्ट बंद पडली, जिना चढताना दम लागला, की व्याज वाचवतोय. पावसात रिक्षा न करता भिजत आलो की व्याज वाचवतोय. मी पण हसायचे. मग शाळेत पालकसभा होती. बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी काही अडचण आहे का? सहलीचं पत्रक मुलाने मला दाखवलंच नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, "आम्ही व्याज वाचवतोय." आठ वर्षांचा होता.

सहलीची तारीख उलटून गेली होती. त्या संध्याकाळी मशीन मागवलं. घरात कुणी काही बोललं नाही, आणि मीही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जास्तीचे पैसे भरणं बंद करा, असं मी सांगणार नाही. आमचं कर्ज ११ वर्षं ४ महिन्यांत फिटलं आणि त्याचा मला आजही माज आहे. चूक भरण्यात नव्हती, घर कोरडं करून भरण्यात होती. मशीननंतर आम्ही पद्धत बदलली. आधी सहा महिन्यांचा घरखर्च, हप्त्यासकट, वेगळा ठेवला, आणि त्याला 'मशीन' असंच नाव दिलं. तो पुरा होईपर्यंत कर्जात जास्तीचं काहीही नाही. मग मोठ्या रकमा एकदम टाकण्यापेक्षा पगार वाढेल तसा हप्ताच दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढवून घेतला. हे दिसायला किरकोळ दिसतं, पण ८.५ टक्क्यांचं २० वर्षांचं कर्ज एवढ्याने बारा-सव्वाबारा वर्षांत संपतं, आणि पाच टक्के घरात कुणाला टोचत नाहीत. आकडा वर्षातून एकदा दोघांनी बसून ठरवायचा, आणि मग वर्षभर त्यावर तोंड उघडायचं नाही. मी दर रविवारी बाकी बघायचे. बाकी बघितल्याने ती कमी होत नाही, फक्त रविवार जातो.

आणि कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की कर्ज कशाला फेडता, ते पैसे बाजारात लावा. आमच्याकडे ते काम धाकट्या दिराकडे होतं. "वहिनी, तुम्ही साडेआठ टक्के वाचवताय, मी बारा टक्के कमावतोय." कागदावर त्याचं बरोबर होतं, मी कधीच नाकारलं नाही. पण बाजार पडला तेव्हा घाबरून तळाला विकून मोकळा झाला तोही हाच, आणि त्यानंतर बारा टक्क्यांचा विषय त्याने माझ्यासमोर काढलेला नाही. ज्याला पडत्या बाजारात झोप लागते त्याने खुशाल गुंतवावं. मला लागत नाही.

राहिलेलं घाईत सांगते, खरं तर आधी सांगायला हवं होतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते फेडा, त्यांचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी वर असतं. दर स्थिर असेल तर मुदतीआधी भरण्यावर शुल्क लागतं का, ते करारात वाचा. जास्तीची रक्कम भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, ते बँकेला लेखी सांगा; व्याज जास्त वाचतं ते मुदत कमी केल्याने. आणि भरलेले पैसे गरज पडल्यास परत काढता येतील असं खातं जोडलेलं कर्ज काही बँका देतात. दर किंचित जास्त असतो, पण माझ्यासारख्या स्वभावाच्या माणसाने तेच घ्यावं.

हे लिहिताना नवरा मागे उभा राहून वाचतोय. त्याचं म्हणणं, मशीन सात महिने बंद होतं. पाच. माझ्याकडे वही आहे.