सोलापुरात राहून कॉमिक्सच्या रंगकामावर उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा?

‘कसं वाटलं?’ विचारू नका. पान क्षणभर दाखवा आणि ‘नजर आधी कुठे गेली?’ एवढंच विचारा. मी इथेच छपाईआधीच्या फाइली तपासतो. सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे रंग सुंदर, पण पात्र मागच्या भिंतीत विरघळलेलं. म्हणून दाखवण्याआधी पान कृष्णधवल करून बघा. तिथेही पात्र उठून दिसत नसेल तर दोष रंगछटेचा नाही, उजेड-अंधाराचा आहे. चादरींची जॅकार्ड (विणीतच उमटणारी नक्षी) डिझाइन करणारं कोणी ओळखीचं असेल तर जरूर गाठा, मोजक्या रंगांत आकृती उठवणं त्यांना बरोबर कळतं. (चित्रकार मित्र रेषांवरच बोलत बसतात.) मात्र भडक निळ्या-हिरव्यावरचं मत स्क्रीन दाखवून घेऊ नका, सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत ते फिके पडतात, त्यामुळे आधी प्रूफ, म्हणजे छापील नमुना, काढा.