इंटरकूलर रंगवण्याआधी

इंटरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली, गरम हवा थंड करणारा भाग) काळा केला की तो आपोआप जास्त थंड करतो, असा समज मनात असल्यास तो आधी काढून टाकावा. टर्बोतून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून) येणारी हवा जोर दिला असता १०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते; ती उष्णता मुख्यतः पात्यांमधून वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि प्रारणाने जाणारा वाटा त्या मानाने फारच लहान असतो. म्हणून पैसे आणि वेळ प्रथम वाऱ्याच्या वाटेवर खर्च करावा: बंपर आणि गाभा (इंटरकूलरचा पात्यांचा मधला भाग) यांच्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या, तर बाजूने निसटणारा वारा पात्यांमधूनच जातो. मोठा गाभा बसवण्याचा मोह आवरावा, कारण आतली जागा वाढली की बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उशिरा येऊ शकतो.

तरीही रंगवायचेच असेल, तर दोन्ही तोंडे घट्ट बंद करून बाहेरील तेलकट थर डिग्रीझरने धुवावा, वाकलेली पाती कंगव्याने हलक्या हाताने सरळ करावीत आणि अॅल्युमिनियमला धरणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तर-थर, गाभ्याच्या बाजूच्या टाक्यांवर मारावा. गाभ्यावर मात्र उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एकच झिरझिरीत हात पुरे. पात्यांच्या फटीत रंग साचून पापुद्रा धरला, तर वाराच अडतो. नावाचा ठसा उमटवायचा असेल (हौसेला मोल नसते!), तर तोही असाच पातळ ठेवावा. बसवल्यावर होजचे क्लॅम्प तपासून दाबाखाली गळती पाहावी.