अलॉय, स्प्रिंग आणि एडास: कोटेशनमध्ये न आलेला खर्च

कासारवडवलीहून एका वाचकाने विचारलं आहे: आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या एसयूव्हीला २० इंची अलॉय चाकं आणि गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग बसवायच्या आहेत. कोटेशन २ लाख १५ हजारांचं आहे. जुनी चाकं टायरसकट दुकानालाच दिली तर ३५ हजार कमी, म्हणजे १ लाख ८० हजार. १० हजार ॲडव्हान्स देऊन झालेत. गाडीला एडास (कॅमेरा-रडारच्या मदतीने ब्रेक, वेग आणि लेन सांभाळणारी चालक-सहाय्य यंत्रणा) आहे आणि त्यासाठीच वरचं व्हेरिएंट १ लाख ९० हजार जास्त मोजून घेतलं होतं. दुकानदार म्हणतो एडासला काही होत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं कॅलिब्रेशन (कॅमेरा-रडार पुन्हा मोजून जुळवणं) लागेल, ९ हजार पडतील. पैसे एफडी मोडून भरू की क्रेडिट कार्डावर १५ टक्क्यांनी २४ महिन्यांचे हप्ते करू? आणि कॅलिब्रेशनचे ९ हजार वाचवता येतील का?

नमस्कार. उत्तर आधी देते, कारणं नंतर. स्प्रिंग बसवू नका. २० इंची चाकं घेऊ नका. चाकं बदलायचीच असतील तर कंपनीने मान्य केलेल्या १९ इंची मापात घ्या, आणि तीही आज नकोत. कॅलिब्रेशनचा खर्च चाकांच्या किमतीतच धरा.

तुमचे आकडे पाहू. हातात १ लाख १८ हजार येतात. घराचा हप्ता ४१ हजार, गाडीचा २१,५००, मुलीच्या शाळेसकट घरखर्च ३२ हजार, एसआयपी १० हजार. उरतात १३,५००. घरात सध्या पगार तुमचा एकट्याचा. आणीबाणीसाठी ठेवलेली एफडी ३ लाखांची. एसआयपी थांबवली तरी दर महिन्याला ९४,५०० लागणारच, म्हणजे ही एफडी आजच जेमतेम तीन महिने पुरेल. ऐरोलीच्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या, एका पगारावर घर चालवणाऱ्या माणसाकडे निदान सहा महिन्यांचं हवं. तिच्यातून १ लाख ८० हजार काढलेत तर उरेल सव्वा महिन्याचं. एफडीचा विषय माझ्या लेखी इथेच संपतो.

कार्डावर १ लाख ८० हजारांचा हप्ता सुमारे ८,७३० रुपये बसेल. दोन वर्षांत व्याज २९,५०० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५,३०० रुपये. प्रोसेसिंग फी वेगळी. थोडक्यात ३५ हजार जास्तीचे, आणि दोन वर्षं महिन्याच्या शेवटी हातात पाच हजारही उरणार नाहीत. तेवढ्यात सोसायटीचं एखादं मोठं काम निघालं किंवा कोणी आजारी पडलं, की एसआयपीवरच गदा येईल.

त्या ३५ हजारांच्या सवलतीबद्दलही स्पष्ट बोलते. आठ महिने वापरलेले, भरपूर नक्षी शिल्लक असलेले चार टायर आणि कंपनीची चार अलॉय तुम्ही ३५ हजारांना देऊन टाकताय. तुमच्या मापाचे नुसते चार नवे टायर घ्यायला गेलात तरी ५० हजारांच्या पुढे जाल. पुढे वॉरंटीचा वाद झाला, विमा कंपनीने हरकत घेतली किंवा गाडी विकताना गिऱ्हाईकाने मूळ चाकं मागितली, तर तुमच्याकडे परतीचा रस्ता राहत नाही. काहीही ठरवा, मूळ चाकं घरी ठेवा. म्हणजे तुमचा खरा खर्च २ लाख १५ हजारांचा आहे, त्यावर कॅलिब्रेशन, व्हील अलाइनमेंट आणि कर्जाचा बोजा.

आता दुकानदाराच्या ‘काही होत नाही’ या वाक्याकडे येते. पैशाचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे, म्हणून इथे थोडं तपशिलात जाते.

आरशामागे काचेला लावलेला कॅमेरा आणि बंपरमधला रडार यांना गाडीची उंची, तिचा पुढे-मागे कल आणि ती सरळ कोणत्या रेषेत धावते हे आधीच शिकवलेलं असतं. समोरच्या गाडीचं अंतर ठरवताना एकच कॅमेरा असेल तर तो बऱ्याच अंशी एका गोष्टीवर विसंबतो: पुढच्या गाडीचं चाक चित्रात रस्त्याला कुठे टेकलेलं दिसतं. लोअरिंग स्प्रिंगने पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त १० मिलिमीटर जास्त बसली असं धरा. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास आहे, म्हणजे नाक अंशाच्या पाचव्या भागाएवढं खाली झुकलं. ऐकायला नगण्य वाटतं. पण कॅमेरा रस्त्यापासून १.३ मीटरवर असेल तर नुसत्या भूमितीने ५० मीटरवरची गाडी त्याला ५८ मीटरवर असल्यासारखी दिसते. खरं अंतर आठ मीटर कमी आहे आणि ब्रेक कधी लावायचा हे त्याच आकड्यावर ठरतं. यंत्रणा चालता चालता अशा छोट्या चुका काही प्रमाणात स्वतः सावरते, पण त्याला मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडली तर डॅशबोर्डवर इशारा येऊन फीचर बंद पडतं. तेही एक वेळ बरं. वाईट काय, तर इशारा न येता ती थोडी चुकत राहणं.

डाव्या-उजव्या बाजूचं गणित आणखी कडक आहे. कॅमेरा किंवा रडार एक अंश सरकला की १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, आणि महामार्गाची लेन असते साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक तुमच्या लेनमध्ये आहे असं वाटू शकतं, किंवा उलट. स्प्रिंग बदलल्यावर चाकांचा कोन हलतो आणि मागच्या चाकांनी ठरणारी गाडीची रेषाही हलते. म्हणून आधी चारही चाकांचं अलाइनमेंट, मग स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणणं, आणि त्यानंतरच कॅमेरा-रडार. हा क्रम उलटा केला तर कॅलिब्रेशनचे पैसे पाण्यात. त्याच कारणाने ‘चाकं आज, स्प्रिंग दिवाळीत’ असंही करू नये, दोनदा भरावे लागतील.

चाकांच्या मापाचंही पाहा. तुमच्या मूळ २३५/६० आर १८ टायरचा व्यास ७३९ मिलिमीटर. दुकानदाराने दिलेला २५५/५० आर २० भरतो ७६३, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त. कंपनीच्या चाकांवर मीटर जिथे १०० दाखवत होता, तिथे आता सुमारे ९७ दाखवेल. पुणे एक्स्प्रेस-वेवर घाट सोडला तर मोटारींची मर्यादा १०० आहे, वर कॅमेरे आहेत. क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीशी राखायचं अंतर स्वतःच्या वेगावरूनच काढतो, तोही या चुकीच्या वेगावर चालेल. तुम्ही दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरचा जो फोटो पाठवलात त्यात २३५/५५ आर १९ हे दुसरं माप छापलेलं आहे. त्याचा व्यास ७४१, मूळ मापापेक्षा फक्त दोन मिलिमीटर जास्त. तुमच्या हौसेला कंपनीनेच दिलेली ही वाट आहे. अलॉय घेताना रुंदी आणि ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) कंपनीच्या मापाशी जुळतात का, हे तेवढं विचारून घ्या.

कॅलिब्रेशन म्हणजे लॅपटॉप जोडून दोन बटणं दाबणं असा समज असेल तर एकदा ते होताना उभं राहून पाहा. जमीन सपाट लागते. टायरमध्ये ठरलेली हवा, डिकी रिकामी, इंधनही कंपनी सांगेल तेवढं. गाडीची मध्यरेषा काढून समोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर नक्षीचा फलक उभा करतात, मोजपट्टी आणि लेसरने मिलिमीटरमध्ये जुळवतात, मग स्कॅनर जोडून कॅमेऱ्याला तो फलक ओळखायला लावतात. काही मॉडेलना त्यानंतर किंवा त्याऐवजी स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनही घ्यावी लागते. मेट्रोच्या कामांनी उकरलेल्या घोडबंदर रोडवर ते होणं कठीण, पट्टे नीट असलेला मोकळा रस्ता शोधावा लागतो. एवढ्या कामाचे ९ हजार मला जास्त वाटत नाहीत. मात्र गाडीची उंचीच कंपनीच्या मापात नसेल तर सर्व्हिस सेंटर हे काम करायला नकार देऊ शकतं, किंवा जबाबदारी न घेता करून देईल. हे त्यांच्याकडून लेखी विचारा. म्हणजे स्प्रिंग बसवल्यावर ९ हजार द्यायची तयारी असूनही काम होईलच असं नाही. वरच्या व्हेरिएंटसाठी मोजलेले १ लाख ९० हजार मग कशासाठी होते?

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती विम्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ मापाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचे ५ हजार ही तुमच्यासाठी छोटी रक्कम आहे. मोठी रक्कम दुसरीकडे आहे. अपघातात कोणाचा जीव गेला किंवा कोणी जखमी झालं तर थर्ड पार्टी भरपाईला वरची मर्यादाच नाही. एरवी ती विमा कंपनी भरते. पण पॉलिसीची अट मोडली होती असं ठरलं तर अपघात भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण कंपनीला आधी भरायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं. ब्रेक उशिरा लागला, गाडीची उंची बदललेली होती, कॅलिब्रेशनचा कागद नाही, विमा कंपनीला कळवलेलं नाही: विमा कंपनीच्या वकिलाला एवढं पुरेसं आहे. असा निकाल तुमच्या घरावर येऊ शकतो, आणि त्या घरावर आधीच कर्ज आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचा क्लेम कमी होणं किंवा नाकारला जाणं हे त्यापुढे लहान नुकसान.

वॉरंटीचंही तेच. सस्पेन्शन, ब्रेक, सेन्सर यातलं काही बिघडलं की बाहेरून केलेल्या बदलाकडे बोट जाणार, आणि तुमच्या वॉरंटीची अजून दोन वर्षांहून जास्त मुदत बाकी आहे. घोडबंदरच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांवर, स्पीडब्रेकरवर, घरची मंडळी आणि सामान घेऊन खाली बसवलेली गाडी कशी जाईल हे मी सांगायला नको, तुम्ही रोज तिथून जाता.

हौस असण्यात काहीच गैर नाही, आणि तुमची हौस मला कळते. मेहनतीच्या पैशाची पहिली मोठी गाडी आहे. म्हणून दोन मार्ग सुचवते. मला जास्त पटतो तो असा: आताचे टायर झिजेपर्यंत थांबा. टायर त्या वेळी घ्यावे लागणारच आहेत, त्यामुळे १९ इंची सेट घेताना हौसेचा खरा खर्च फक्त रिमचा राहील. तोवर वॉरंटीही संपत आलेली असेल.

तेवढं थांबवत नसेल तर महिन्याच्या १३,५०० मधून ८ हजारांची आरडी सुरू करा, उरलेले आणीबाणीच्या एफडीत टाका. दहा महिन्यांत ८० हजार होतील. एप्रिलला मिळणाऱ्या ९० हजारांच्या बोनसपैकी अर्धा एफडीत, अर्धा इकडे. झाले सव्वा लाख. दुकानाने १९ इंची सेटचे १ लाख १० हजार सांगितलेत, म्हणजे सव्वा लाखात अलाइनमेंट आणि कॅलिब्रेशनही बसतं. चाकं चढवण्याआधी विमा कंपनीला ईमेलने कळवा, त्यांनी सांगितलेला जादा प्रीमियम भरा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. नंतर सर्व्हिस सेंटरला स्कॅन करायला सांगा, त्यांनी कॅलिब्रेशन केलं तर आधीच्या-नंतरच्या नोंदींचा रिपोर्ट आणि बिल मागून घ्या, दोन्ही पॉलिसीच्या फायलीत लावा. काच बदलली किंवा बंपर काढला तरी हेच पुन्हा करायचं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा उल्लेखच नाही. घराचं कर्ज, लहान मुलगी आणि एकच पगार. पॉलिसी नसेल तर आरडीच्या आधी ती घ्या, चाकं दोन महिने पुढे गेली तरी चालेल.

१० हजारांच्या ॲडव्हान्सबद्दल दुकानदाराला फोन करून विचारा की ते १९ इंची सेटमध्ये वळते होतील का. होकार दिला तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. नकार दिला तर ते पैसे गेले असं समजा, पण तेवढ्यासाठी उरलेले १ लाख ७० हजार देऊ नका.