एरिक क्लॅप्टन, जिमी पेज आणि जेफ बेक सोडून त्या काळातला कुठला ब्रिटिश ब्लूज गिटारिस्ट ऐकावा, आणि त्याची गोष्ट काय?

पीटर ग्रीन. तुम्ही म्हणताय की ते तिघं ऐकून झालेत, आता त्याच पिढीतला असा कोणीतरी हवाय ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, तर माझ्याकडे हे एकच उत्तर आहे आणि मी ते कधीही, कुणालाही देईन.

त्याचा बँड म्हणजे फ्लीटवूड मॅक. आता तुम्ही म्हणाल तो तर माहितीये, ते 'रूमर्स' अल्बमवाले. पण 'रूमर्स' १९७७ चा, आणि हा बँड त्याच्या १० वर्षं आधी पीटर ग्रीनने उभा केला होता, तेव्हा तो पक्का ब्लूज बँड होता, आणि गंमत म्हणजे गिटार याची, आवाज याचा, बहुतेक गाजलेली गाणी याची, पण नाव मात्र त्याने ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही या दोघांवरून ठेवलं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता, काही आठवड्यांनी आला. मला पीटर ग्रीन यातच सगळा दिसतो, दुसऱ्याला पुढे करायचं आणि आपण थोडं बाजूला उभं राहायचं. वाजवतानाही तेच.

सुरुवातीपासून सांगतो. जन्म २९ ऑक्टोबर १९४६, लंडनच्या ईस्ट एंडमधलं बेथनल ग्रीन, साधं ज्यू कुटुंब, मूळ आडनाव ग्रीनबॉम. पहिले कॉर्ड्स मोठ्या भावाने दाखवले, बाकी सगळं रेकॉर्ड ऐकून ऐकून. आधी तो बेस वाजवायचा. १९६५ मध्ये क्लॅप्टन जॉन मेयॉलचा ब्लूजब्रेकर्स बँड मध्येच सोडून ग्रीसला निघून गेला तेव्हा पीटरने मेयॉलच्या मागे लागून काही दिवस ती जागा मिळवली, क्लॅप्टन परत आला आणि याला बाहेर पडावं लागलं. मग १९६६ मध्ये क्लॅप्टन क्रीम नावाचा बँड काढायला कायमचाच गेला आणि मेयॉलने पुन्हा पीटरला बोलावलं. विचार करा, लंडनमध्ये लोक भिंतींवर 'क्लॅप्टन इज गॉड' लिहीत होते आणि हा १९ वर्षांचा मुलगा त्याच जागेवर उभा! प्रोड्यूसर माइक व्हर्नन स्टुडिओत येऊन विचारतो एरिक कुठाय, तर मेयॉल म्हणाला की तो गेला, पण काळजी करू नको, याहून चांगला मिळालाय. १९६७ चा 'अ हार्ड रोड' अल्बम ऐका म्हणजे मेयॉल उगाच बोलला नव्हता हे कळेल. त्यात 'द सुपरनॅचरल' नावाचं पीटरचं इन्स्ट्रुमेंटल आहे, त्यात तो एकेक सूर फीडबॅकवर, म्हणजे अँपचा आवाज गिटारच्या तारांना पुन्हा पुन्हा कंपवतो त्या गुंजनावर, इतका लांब धरून ठेवतो की आपल्याकडे एखादा मुरलेला गवई वरच्या सा वर थांबतो ना आणि सगळी मैफल श्वास रोखून बसते, अगदी तसं होतं.

त्याच वर्षी फ्लीटवूड मॅक सुरू झाला आणि पुढची जेमतेम ३ वर्षं, बस, एवढीच. पण काय काय केलंय त्यात बघा. 'ब्लॅक मॅजिक वुमन' सगळ्यांना गिटारिस्ट कार्लोस सांतानाच्या बँडचं वाटतं, ते पीटरचं आहे, १९६८ चं, सांतानाने १९७० मध्ये घेतलं आणि जगभर गाजवलं. 'द ग्रीन मॅनालिशी' हेवी मेटलवाल्यांना जुडास प्रीस्ट बँडचं वाटतं, तेही याचंच. 'अल्बाट्रॉस' हे बिनशब्दांचं शांत गाणं १९६९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, बीटल्सनी 'सन किंग' त्यावरूनच सुचलं हे स्वतः सांगितलंय. अमेरिकन ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग म्हणायचे की मला घाम फुटावा असा वाजवणारा हाच एक. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट ब्लूजमध्ये नसतं.

आता टोनबद्दल, म्हणजे त्याच्या गिटारच्या आवाजाच्या पोताबद्दल, कारण गिटार वाजवणारे हे हमखास विचारतात. त्याच्याकडे १९५९ ची गिब्सन लेस पॉल होती, हिलाच पुढे 'ग्रीनी' म्हणू लागले. तिच्या नेक पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडून सिग्नल करणारा भाग, लेस पॉलवर असे दोन असतात) मॅग्नेट उलटा बसलेला होता, त्यामुळे स्विच मध्ये ठेवून दोन्ही पिकअप एकदम चालू केले की दोघांचे सिग्नल एकमेकांच्या विरुद्ध जातात, खालचा जाडपणा बराचसा कटतो आणि पोकळ, नाकातून आल्यासारखा आवाज उरतो. पण खरं सांगू, मॅग्नेट उलटा करून पीटर ग्रीन होता येत नाही. पुढे ही गिटार त्याने अगदी स्वस्तात तरुण गिटारिस्ट गॅरी मूरला दिली, मूरने ती ३० वर्षांहून जास्त वाजवली आणि आता ती मेटालिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. त्या टोनचं खरं कारण हात आणि संयम. जिथे दुसरा १० नोट्स भरेल तिथे हा ३ वाजवून थांबतो.

मग १९७०. लोक त्याची गोष्ट सांगताना म्युनिकच्या एका कम्यूनमधली एलएसडीची रात्र सांगतात आणि तिथेच संपवतात, मला ते पटत नाही. ड्रग्जनी नुकसान केलं हे खरंच, पण त्याच्या आधीपासून पैसा आणि प्रसिद्धी त्याला टोचत होती, कमाई दान करून टाकू असं तो बँडला सांगत होता. 'मॅन ऑफ द वर्ल्ड' १९६९ चं आहे, त्यात सगळं मिळालेला माणूस जन्मालाच आलो नसतो तर बरं असं म्हणतो, ते लोकांनी हिट गाणं म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. मे १९७० मध्ये त्याने बँड सोडला. पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान, हॉस्पिटल, शॉक ट्रीटमेंट, १९७७ मध्ये अकाउंटंटला बंदुकीची धमकी दिली म्हणून अटक. हे आजारपण होतं, त्याला 'जीनियसची किंमत' वगैरे म्हणून सजवू नये असं मला फार मनापासून वाटतं.

आणि तो परत आला हे कोणी सांगतच नाही! १९७९ ला 'इन द स्काइज' अल्बम, मग पुन्हा मोठा खंड, मग नव्वदीत स्प्लिंटर ग्रुप नावाचा बँड आणि जुना अमेरिकन ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम. बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती, पण वाजवत होता. २५ जुलै २०२० ला एसेक्समधल्या कॅन्व्ही आयलंडवर झोपेतच गेला, ७३ व्या वर्षी. त्याच्या ५ महिने आधी मिक फ्लीटवूडने लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याच्यासाठी मोठी कॉन्सर्ट ठेवली होती, डेव्हिड गिल्मोर, पीट टाउनशेंड, बिली गिबन्स सगळे वाजवून गेले आणि कर्क हॅमेटने तीच 'ग्रीनी' घेऊन 'मॅनालिशी' वाजवलं.

ऐकायला सुरुवात 'नीड युअर लव्ह सो बॅड'पासून करा, मग 'लव्ह दॅट बर्न्स', मग 'देन प्ले ऑन' अल्बम पूर्ण. आणि १९७० चं बॉस्टन टी पार्टी या बॉस्टनमधल्या क्लबचं लाइव्ह रेकॉर्डिंग मिळालं तर हेडफोन लावून ऐका, त्यात तो आणि बँडमधला दुसरा गिटारिस्ट डॅनी कर्वन एकमेकांना जागा देत दोन गिटार कशा वाजवतात ते नीट लक्ष देऊन ऐका, कारण लीडर असूनही बऱ्याच ठिकाणी पीटर मागे राहून फक्त साथ करतोय.