सोल्डरिंग आयर्न कुलपात ठेवू का?

पत्र थोडक्यात असं: "आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरावीत आहे, फिजिक्स चांगलं आहे. दीड वर्षापासून जवळच्या मॉडेल रेल्वे क्लबमधले आजोबा त्याच्याकडे जुनी पितळी इंजिनं आणून देतात. हा त्यांत डिजिटल डीकोडर, म्हणजे रुळातून आलेला हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, बसवून देतो, पैसेही घेतो. आता म्हणतो, कॉलेज कशाला, हाच धंदा करीन. ह्यांचं म्हणणं, परीक्षा होईपर्यंत त्याचं सोल्डरिंग आयर्न कुलपात ठेवावं. काय करू? सोबत एका इंजिनाच्या कामाचं त्याचं टिपण जोडतेय." — एक आई

ताई, नमस्कार.

कुलूप नको. टिपण मी दोनदा वाचलं. पेनसिल्वेनिया रेलरोडच्या के-४ या वाफेच्या इंजिनाचं १:८७ मापाचं मॉडेल, जपानी बनावटीचं. अशा जुन्या इंजिनात रुळातला करंट थेट मोटरला मिळतो. एका रुळाचा करंट इंजिनाची चाकं घेतात, दुसऱ्याचा टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) घेतो, आणि मोटरचा एक ब्रश, म्हणजे तिला करंट देणारा तुकडा, बऱ्याचदा फ्रेमलाच जोडलेला असतो. पितळ पडलं, सगळी बॉडीच वायर! डीकोडर मात्र रूळ आणि मोटर यांच्या मध्ये बसतो: लाल-काळी वायर रुळाकडे, नारिंगी-करडी मोटरकडे. मोटर फ्रेमपासून पूर्ण सुटी नसली, तर पॉवर देताच डीकोडर जळू शकतो.

तुमचा मुलगा लिहितो: "मीटरची एक पिन ब्रशला, एक फ्रेमला लावली. बीप आला नाही. इंजिन उलटं धरून परत पाहिलं, तर आला." बीप म्हणजे दोन्ही एकमेकांना चिकटलेले. मोटरच्या स्क्रूखालचा प्लॅस्टिकचा वॉशर सरकत होता. उलटं धरून परत बघायचं त्याला कुणी शिकवलं? त्यानंतर त्यानं मोटर क्षणभर अडवून करंट मोजला. १.६ अँपिअर भरला, आणि डीकोडर १ अँपिअरचा. त्यानं आजोबांना स्पष्ट सांगितलं, आधी मोटर बदलू. गिऱ्हाइकाला नकोसं वाटेल ते सांगणं पंचविशीतल्या इंजिनिअरांनाही जमत नाही.

आता धंद्याचं. त्याच टिपणात हिशेब आहे: घेतले २१० डॉलर, त्यातले ११० डीकोडर आणि स्पीकरचे, वेळ अकरा तास. म्हणजे ताशी नऊ डॉलर. न्यू जर्सीत किमान वेतन ताशी पंधराच्या वर आहे. शिवाय नवी मॉडेलं बहुधा कारखान्यातूनच डीकोडर किंवा त्याचं सॉकेट घेऊन येतात. जुन्या पितळी इंजिनांना हात लावणारे थोडे, म्हणून त्याला काम मिळतं. पण त्यांचे मालकही आजोबाच आहेत. यावर घर चालायचं नाही. हे तुम्ही सांगू नका, त्याच्याकडूनच सहा इंजिनांचा असा हिशेब मांडून घ्या.

हीच नजर लागते ती खऱ्या रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये. २००८ साली कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला दोन गाड्यांची टक्कर होऊन २५ माणसं गेली. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, आणि २०२० अखेर ठरलेल्या मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी पीटीसी यंत्रणा बसली. इंजिनातली आणि रुळाकडेची तिची उपकरणं सांभाळायला माणसं लागतातच. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं टेस्टिंग हा दुसरा रस्ता. तिथे आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संस्थेचं सोल्डरिंग प्रमाणपत्र विचारतात. ते त्याला जड जाऊ नये.

चार वर्षांच्या कॉलेजला तो आत्ता नाही म्हणत असेल तर तुमच्या गावातलंच मिडलसेक्स कॉलेज दाखवून आणा. दोन वर्षं तिथे, मग नेवार्कच्या एनजेआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाकडे जाता येतं. फक्त प्रवेशाआधीच विचारा, दोन वर्षांची पदवी ए.एस. (असोसिएट इन सायन्स) की ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स)? दुसरी नोकरीकडे वळलेली असते. तिचे सगळे क्रेडिट पुढे धरतीलच असं नाही. इथे बरेच पालक फसतात.

परीक्षेपर्यंत एका वेळी एकच इंजिन, तेही शनिवारी. खोलीची खिडकी उघडी हवी, आणि शिशाचं सोल्डर असेल तर हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावू देऊ नका.

आणि त्याला माझा एक प्रश्न विचारा. डीकोडर टेंडरमध्ये ठेवलास, मोटर इंजिनात. मग मधल्या वायरी वळणावर ताणून तुटू नयेत म्हणून काय केलंस? टिपणात ते राहून गेलंय.