कम्पायलर बदलला आणि उत्तरं बदलली, दोष कुणाचा?

तुम्ही दोन तक्रारी मांडल्या आहेत. एंटरप्राइझ कोबोल (आयबीएमच्या मेनफ्रेमवर कोबोल भाषेतला सोर्स मशीनच्या सूचनांत बदलणारा कम्पायलर) ४.२ वरून ६.४ वर आलात, पण रात्रीची बॅच (एकामागून एक चालणारे जॉब) जेमतेम लवकर संपते. आणि इतकी वर्षं बिनतक्रार चाललेला एक प्रोग्राम आता काही रेकॉर्ड 'जुळत नाहीत' म्हणून बाजूला टाकतो. ना अबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडणं), ना मेसेज. सोर्समध्ये एक अक्षरही बदललेलं नाही, म्हणजे कम्पायलरमध्येच खोट आहे, असं तुमचं म्हणणं.

अशी तीन मायग्रेशनं मी स्वतः केली आहेत आणि प्रत्येक वेळी हाच संशय कुणीतरी घेतला आहे. पहिल्या वेळी तो मीच घेतला होता. माझं आजचं मत असं, की तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीला येऊन भिडतात: तुम्ही कोबोलमध्ये जे जाहीर करता, त्यावर नवा कम्पायलर पूर्ण विश्वास ठेवतो.

४.२ ची आवृत्ती २००९ ची, पण मशीनच्या सूचना तयार करणारा तिचा भाग त्याहून कितीतरी जुन्या वळणाचा होता. मशीन नवं आलं तरी तो जुन्याच सूचना काढायचा. २०१३ मध्ये ५.१ आली तेव्हा आयबीएमने हा मागचा भागच बदलला आणि त्यांच्या जावाच्या जेआयटी (प्रोग्राम चालता चालता काम करणाऱ्या) कम्पायलरमधलं ऑप्टिमायझेशनचं तंत्र कोबोलला दिलं. हे तंत्र अनावश्यक काम गाळतं. काम अनावश्यक आहे हे ते ठरवतं कशावरून? तुमच्या पिक्चर क्लॉजवरून, म्हणजे फील्डमध्ये काय असेल हे तुम्ही जिथे सांगता त्यावरून. तुम्ही पिक ९(५) लिहिलंत, तर तिथे पाच अंकच आहेत असं धरून ते चालतं.

तुमच्या न जुळणाऱ्या रेकॉर्डांचं मूळ बहुधा इथेच आहे. समजा फाइलमधून येणाऱ्या झोन्ड (एका बाइटमध्ये एक अंक) फील्डमध्ये ००१२३ ऐवजी दोन स्पेस आणि मग १२३ आहे. मेनफ्रेमवर स्पेसचा बाइट हेक्स (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ४०, शून्याचा हेक्स एफ०. जुना कम्पायलर तुलना करण्याआधी फील्ड सहसा पॅक करायचा, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवायचा. पॅक करताना प्रत्येक बाइटचा उजवा अर्धा भाग घेतला जातो आणि डावा, म्हणजे झोन, गळून पडतो (शेवटच्या बाइटचा झोन तेवढा चिन्ह म्हणून उरतो). ४० चा उजवा भाग शून्य, एफ० चाही शून्य. म्हणून स्पेस आपोआप शून्य ठरायची आणि रेकॉर्ड जुळायचं. नव्याला वाटतं, दोन्हीकडे अंकच असतील तर पॅक करायचं कशाला, सरळ बाइटला बाइट लावून पाहू. ४० आणि एफ० वेगळे. रेकॉर्ड जुळत नाही. आणि भाषेच्या नियमाने पाहिलं तर त्याचंच बरोबर आहे, कारण त्या फील्डमध्ये संख्या नव्हतीच.

दुसरा असाच प्रकार टेबलांचा. ऑकर्स ५०, म्हणजे टेबलात पन्नास जागा, आणि सबस्क्रिप्ट (जागेचा क्रमांक) ५१ वर गेला, तर पूर्वी पुढच्या कुठल्यातरी न वापरलेल्या जागेत लिहिलं जायचं आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. वर्किंग-स्टोरेजची (प्रोग्रामची स्वतःची फील्डं जिथे असतात तिची) मांडणी बदलली की तेच लिखाण एखाद्या कामाच्या फील्डवर पडतं. दुसऱ्या प्रोग्रामला कॉल करताना १०० बाइटचं क्षेत्र दिलं आणि त्याने लिंकेज सेक्शनमध्ये (बाहेरून आलेला डेटा जाहीर करण्याच्या भागात) २०० जाहीर केले, तरी हेच होतं.

म्हणून आधी अंदाज बांधणं थांबवा आणि टेस्टसाठी तो प्रोग्राम नमचेक ऑप्शनने (तो फील्डमध्ये खरोखर संख्या आहे का हे चालताना तपासतो) कम्पाइल करा, झोन्ड आणि पॅक्ड दोन्ही तपासायला सांगून. अबेंडऐवजी मेसेज निवडा, म्हणजे पहिल्याच चुकीवर रन थांबणार नाही आणि ओळ, फील्डचं नाव, आतला हेक्स मजकूर असं सगळं एका फेरीत हाती येईल. टेबलांसाठी एसएसरेंज, कॉलसाठी पार्मचेक. हे तिन्ही प्रोग्राम सावकाश करतात, तेव्हा प्रॉडक्शनला जाताना काढून पुन्हा कम्पाइल करा. डेटा लगेच सुधारता येत नसेल तर इनव्हडेटा ऑप्शन (आधीच्या आवृत्त्यांत झोनडेटा) जुन्या वागणुकीच्या जवळ नेतो. पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते. सरसकट सगळ्या प्रोग्रामांना तो लावून टाकणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. ज्यासाठी मायग्रेशन केलं, तेच अशाने हातचं जातं.

आता वेग. कम्पाइलच्या लिस्टिंगच्या सुरुवातीला ऑप्शनांची यादी येते, ती काढून ऑप्ट (किती ऑप्टिमायझेशन करायचं) आणि आर्च (कुठल्या पिढीच्या मशीनसाठी सूचना काढायच्या) पाहा. ऑप्टचं डीफॉल्ट ० आहे आणि आर्चचं डीफॉल्ट जुन्या मशीनला धरून असतं. दोन्ही तसेच ठेवले असतील, तर नवा कम्पायलर घेऊनही त्याचा मोठा भाग तुम्ही वापरलेलाच नाही. ऑप्ट(२) लावा. आर्च(११) म्हणजे झेड१३ मशीन, १२ म्हणजे झेड१४, १३ म्हणजे झेड१५, १४ म्हणजे झेड१६.

यातला आर्च(१२) हा टप्पा व्यावसायिक कामासाठी मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॉम्प-३ ची, म्हणजे पॅक्ड फील्डांची, बेरीज-वजाबाकी पूर्वी मेमरीतून मेमरीत व्हायची; लांबलचक कॉम्प्युटमध्ये प्रत्येक पायरीचं उत्तर मेमरीत ठेवायचं आणि परत उचलायचं. झेड१४ पासून १६ बाइटच्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) ३१ अंकी पॅक्ड संख्या मावते आणि गणित तिथल्या तिथे होतं. व्याज, हप्ते, कर यांची आकडेमोड लाखो रेकॉर्डांवर करणाऱ्या प्रोग्रामला याचा खरा लाभ होतो. उलट ज्याचा बहुतेक वेळ डीबी२ (डेटाबेस) किंवा व्हीसॅमच्या फाइलींची वाट पाहण्यात जातो, त्याला कुठलाच कम्पायलर फारसं काही देऊ शकत नाही. तेव्हा बॅचमधले सर्वांत जास्त सीपीयू खाणारे दहा-बारा प्रोग्राम निवडा, आधीचा आणि नंतरचा सीपीयू वेळ मोजा. घड्याळाकडे पाहून निष्कर्ष काढू नका.

बाकी अडचणी किरकोळ: कम्पाइलला वेळ आणि रीजन (मेमरी) दोन्ही जास्त लागतात, लोड लायब्ररी (तयार प्रोग्राम ठेवण्याची जागा) पीडीएसई प्रकारची असावी लागते. सोर्स हरवलेले जुने प्रोग्राम असतील तर ऑटोमॅटिक बायनरी ऑप्टिमायझर पाहा, तो लोड मोड्यूलवरच (कम्पाइल होऊन तयार असलेल्या प्रोग्रामवर) काम करतो.

आर्च वाढवण्याआधी मात्र एक चौकशी नक्की करा. एका ठिकाणी आम्ही प्रॉडक्शनच्या मशीनप्रमाणे आर्च लावला होता. डीआरच्या (आपत्तीत दुसऱ्या ठिकाणाहून काम चालवण्याच्या) सरावात पहिलाच जॉब एस०सी१ अबेंड देऊन पडला, कारण तिथलं मशीन एक पिढी मागचं होतं आणि त्या सूचना त्याला ठाऊकच नव्हत्या. त्या रात्री सगळं पुन्हा कम्पाइल करत बसावं लागलं. तुमचा प्रोग्राम जिथे जिथे चालण्याची शक्यता आहे, त्यातल्या सर्वांत जुन्या मशीनचा आकडाच आर्चमध्ये घाला.